फादर नाही म्हणाले, म्हणजे चर्च नाही म्हणालं का?

पत्राचा गोषवारा: मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका गावठाणातून ५७ वर्षांच्या वाचक बाईंनी लिहिलं आहे. कुटुंब ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक समाजातलं, घरची बोली मराठी. त्या मराठी मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) कॉयरमध्ये गातात आणि आपल्या भागातल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या ॲनिमेटर, म्हणजे संयोजक, आहेत. मुलगी ३० वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, रविवारच्या मिस्सेत बायबलचं वाचन करणारी. तिचं डोंबिवलीच्या एका मराठी हिंदू मुलाशी लग्न ठरलं आहे. दोन्ही घरांची संमती आहे. वर्षापूर्वी बदलून आलेल्या प्रमुख धर्मगुरूंनी मात्र सांगितलं, "मुलगा बाप्तिस्मा घेणार असेल तर या, नाहीतर या चर्चमध्ये लग्न होणार नाही." पुढच्याच महिन्यात मुलीचं नाव वाचकांच्या यादीतून गेलं. एका प्रवचनात नाव न घेता घरच्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवलं गेलं आणि बाईंना समूहाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगितलं गेलं. मुलगी म्हणते, कोर्टात लग्न करू आणि विषय संपवू. नवरा म्हणतो, फादरांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. मैत्रीण म्हणते, मुलाला कागदोपत्री बाप्तिस्मा घेऊ दे, कोण बघतंय. आणखी कुणी दुसऱ्या चर्चमधल्या 'मोकळ्या' फादरांचं नाव सुचवलंय. बाई विचारतात: "फादरांविरुद्ध बोलले तर पाप लागेल का? आणि नाही बोलले तर मुलगी कायमची चर्चबाहेर जाईल, त्याचं काय?" हॉल जानेवारीचा धरलेला आहे.

ताई, पाप लागणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, कॅनन २१२ (कॅनन म्हणजे कलम) आहे. चर्चच्या भल्याच्या गोष्टींबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क श्रद्धावंतांना आहे, आणि कधीकधी ते त्यांचं कर्तव्यही ठरतं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बोलताना आदर राखायचा, ही अट. गप्प बसायचं, अशी अट कुठेच नाही.

मात्र बोलण्याआधी एक गुंता सोडवायला हवा. पत्रात तुम्ही फादरांचं म्हणणं आणि चर्चचा नियम एकच धरून चालला आहात. तुमच्या यजमानांनीही तेच धरलंय आणि गंमत म्हणजे चर्च सोडायला निघालेल्या मुलीनंही. तुमच्या वाट्याला आलेल्या चार गोष्टी, म्हणजे बाप्तिस्म्याची अट, वाचकांच्या यादीतून नाव जाणं, समूहाची जबाबदारी काढणं आणि ते प्रवचन, या चारींचं वजन सारखं नाही. काही ठिकाणी फादर चुकले आहेत, काही ठिकाणी ते कठोर असले तरी त्यांच्या अधिकारात आहेत, आणि एका ठिकाणी त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सगळ्याला एकाच रागानं भिडलात तर जिथं तुमची बाजू पक्की आहे तीही ढिली पडेल.

आधी बाप्तिस्म्याची अट. कॅथलिक व्यक्तीचं बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न परवानगीशिवाय झालं तर ते चर्चच्या दृष्टीनं अवैध, हे कॅनन १०८६ सांगतो. पण तोच कॅनन सूट मिळण्याची वाटही दाखवतो. या सुटीला डिस्पेन्सेशन म्हणतात आणि तिच्या अटी कॅनन ११२५ मध्ये आहेत. पहिली अट मुलीसाठी: आपली श्रद्धा सुटेल असे धोके टाळायची तयारी दाखवायची आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण मिळावी यासाठी आपल्या हातात असेल ते सगळं करीन असं प्रामाणिक वचन द्यायचं. दुसरी: या वचनाची कल्पना मुलाला वेळेत दिलेली असावी. तिसरी: लग्नाचा हेतू आणि त्याची मूलभूत लक्षणं, म्हणजे एकनिष्ठता, आयुष्यभराचं बंधन, हे दोघांना समजावलेलं असावं. यादी इथंच संपते. मुलानं धर्म बदलावा असं त्यात नाही. उलट कॅनन ७४८ म्हणतो की कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणं कधीच योग्य नाही.

तुमच्या यजमानांच्या डोक्यात जो नियम आहे तो बहुधा त्यांच्या आईवडिलांच्या काळातला असावा. १९१७ च्या जुन्या कायद्यात दोघांनाही वचनं द्यावी लागत, बिगर-कॅथलिक जोडीदारालाही. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये ते बदललं. तेव्हापासून वचन फक्त कॅथलिक बाजूनं द्यायचं, दुसऱ्या बाजूला फक्त ते ठाऊक असायला हवं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या आपल्या पत्रात अशा लग्नांकडे रोजच्या जगण्यातल्या धर्मसंवादाची खास जागा म्हणून पाहिलं. त्याच पत्रात अडचणींचाही उल्लेख आहे, पण दार बंद करण्याची भाषा नाही.

दुसरी गोष्ट याहून कामाची. ही सूट देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांचा आहे: बिशप, त्यांचे प्रतिनिधी म्हणजे व्हिकर जनरल, किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी. मुंबईत अर्ज कुलाब्याच्या आर्चबिशप हाऊसमधल्या चॅन्सरीकडे, म्हणजे धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे, जातो. प्रमुख धर्मगुरूंचं काम दोघांची चौकशी करून, कागद जोडून, आपलं मत लिहून अर्ज पुढे पाठवायचा. म्हणजे तुम्हाला जो 'नाही' ऐकू आला तो निकाल नव्हता. तुमचा अर्ज अजून कुठे गेलेलाच नाही. (वसई-विरारकडच्या वाचकांसाठी: तिथं १९९८ पासून वसईचा वेगळा धर्मप्रांत आहे, अर्ज तिकडे. आणि सिरो-मलबार (केरळच्या परंपरेतलं कॅथलिक) कुटुंब असेल तर कल्याणच्या धर्मप्रांताकडे. त्यांचा कायदा वेगळा, १९९० चा, पण या बाबतीत अटी जवळपास ह्याच.)

सूट हा अनुग्रह आहे, हक्क नाही. त्यासाठी सबळ कारण लागतं आणि ती नाकारलीही जाऊ शकते. पण 'धर्म बदलला नाही' हे काही ती नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कारण मुलानं धर्म बदलला तर सुटीचा प्रश्नच उरत नाही!

आता वाचकांची यादी आणि समूहाची जबाबदारी. इथं तुम्हाला आवडणार नाही असं उत्तर आहे. ही कामं प्रमुख धर्मगुरूंच्या नेमणुकीची आहेत, त्यांवर कायदेशीर दावा सांगता येत नाही. पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे चर्चच्या लोकमंडळाचं, मतही सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये संपलेल्या सिनॉडनं (चर्चच्या जागतिक धर्मसभेनं) अशी मंडळं अनिवार्य करावीत आणि निर्णयप्रक्रियेत सामान्यांचा सहभाग वाढवावा असं सुचवलं, पण ते प्रत्येक चर्चमध्ये उतरायला वेळ लागेल. तोवर कारण विचारता येतं, तेही शांतपणे, एकदाच. मात्र ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या कम्युनियनचं, वेगळं आहे. हिंदू मुलाशी लग्न ठरणं म्हणजे पाप नव्हे. तुमची मुलगी आज मिस्सेला जाऊन ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते, तुम्हीही. कुणी रांगेत अडवलं तर तो गंभीर मामला होईल. पण तसं झालेलं नाही, तेव्हा ते आधीच गृहीत धरू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय की मुलगी 'लाजेनं' रांगेत जात नाही. तिला कुणी थांबवलेलं नाही, हे तिला सांगा.

प्रवचनाबद्दल फार लिहीत नाही. नाव घेतलं नव्हतं. ते तुमच्यासाठीच होतं असं तुम्हाला वाटतं, आणि तसं असेलही, पण ते सिद्ध करत बसाल तर मूळ काम बाजूला पडेल.

फादर कर्मठ आहेत असं तुम्ही लिहिता. असतील. पण त्यांच्या जागेवरून जरा बघा. आंतरधर्मीय जोडप्यांची मुलं पुढे ना देवळात दिसतात ना चर्चमध्ये, हा अनुभव अनेक धर्मगुरूंना असतो. धर्मांतर हा विषय आज इतका नाजूक आहे की एखादे फादर उलट्या टोकाला जाऊन 'नकोच ही भानगड' म्हणतील, आणि दुसरे कुणी 'पूर्ण आपल्यात या, नाहीतर नको' म्हणतील. दोन्हींच्या मुळाशी भीतीच असते. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे कर्मठपणाचा मक्ता एकट्या धर्मगुरूंनी घेतलेला नाही. समूहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण काय पाठवतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी फादरांपर्यंत कुणी, कोणत्या शब्दांत पोचवली, हेही जरा आठवून बघा. वरचे लोक जुनाट आणि खालचे लोक मोकळे, असा सरळ हिशेब मुंबईच्या कुठल्याच गावठाणात लागत नाही.

आता तो रास्त प्रश्न: मुलांचं काय? यावर पत्रात एक ओळ नाही. हॉल, बँड, उंबराचं पाणी (तुमच्याकडचा लग्नातला विधी), मेन्यू, सगळं आहे. पण मुलं झाली तर बाप्तिस्मा होणार का, रविवारी मिस्सेला कोण नेणार, डोंबिवलीच्या घरी गणपतीत काय करायचं, बारसं करायचं की नाही, मुलाच्या आईला काय वाटतं, हे कुणी विचारलंय का? वचनावर सही तुमच्या मुलीची असणार. ते वचन 'हातात असेल ते करीन' असं आहे. नवरा ठाम विरोधात गेला तर संसार मोडून बाप्तिस्मा करा, असं चर्च म्हणत नाही. पण दोघांनी आधीच मनाशी ठरवलं असेल की मुलांना अठरा वर्षांपर्यंत कुठलाच धर्म द्यायचा नाही, तर ते वचन खोटं ठरेल, आणि मग फादरांच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. म्हणून पहिली पायरी चर्चच्या ऑफिसात नाही. मुलगी आणि तो मुलगा, दोघंच, एक संध्याकाळ बसून हे बोलू देत. तुम्ही त्यात नसलेलंच बरं. जे ठरेल ते त्यानं आपल्या आईवडिलांना स्वतः सांगावं. बारशाच्या दिवशी कळलं तर दोन्ही घरं दुखावतात.

याच ओघात आणखी एक विचारायचं राहतं. चर्चमधलं लग्न नक्की कुणाला हवंय? मुलगी 'कोर्टात करू' म्हणते ते रागानं की मनापासून? तुम्ही तिच्यासाठी लढायला निघालात आणि तिला ते नकोच असेल, तर लग्नाआधीच्या चौकशीत दोघांची वेगवेगळी मुलाखत होते तेव्हा ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

चर्चमध्ये लग्न झालंच तर ते कसं असेल, तेही आधी कळलेलं बरं, नाहीतर ऐन वेळी पुन्हा रुसवेफुगवे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीबरोबरच्या लग्नात सहसा मिस्सा होत नाही. वाचनं, प्रवचन, संमती, अंगठी आणि आशीर्वाद असा शब्दविधी होतो, पाऊण तासाचा. मंगळसूत्र आशीर्वादित करून घालता येईल का ते फादरांना विचारून घ्या, आपल्याकडे ती रीत चालत आलेली आहे. हे लग्न चर्चच्या दृष्टीनं वैध आणि पवित्र बंधन असतं, पण दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसल्यानं त्याला संस्कार म्हणत नाहीत. मुलाला ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. कॅनन १११८ नुसार असं लग्न चर्चमध्ये किंवा दुसऱ्या योग्य जागी होऊ शकतं, तेव्हा चर्चचं दार कायद्यानं बंद नाही. मात्र कॅनन ११२७ नुसार त्याआधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विधी करून पुन्हा संमती देता येत नाही. म्हणजे सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी, हे बसत नाही. हळद, मेंदी, औक्षण, थोरांच्या पाया पडणं, तुमच्याकडचं उंबराचं पाणी, यांत संमतीचा विधी नाही. डोंबिवलीकरांना हे आत्ताच सांगा. आणि कायद्याचंही सांगा: हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न दोघंही हिंदू असतील तरच वैध असतं. हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं फक्त हिंदू पद्धतीनं झालेलं लग्न त्या कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. उलट १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी चर्चमधलं लग्न कायदेशीर ठरतं, आणि मुलगा हिंदूच राहतो. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करून घ्या.

मैत्रिणीचा कागदोपत्री बाप्तिस्म्याचा सल्ला मात्र डोक्यातून काढून टाका. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यासाठी त्याची स्वतःची इच्छा, शिकवणी आणि तयारीचा काळ लागतो. खोट्या मनानं घेतलेल्या बाप्तिस्म्यात फसवणूक देवाची, फादरांची आणि स्वतःची. शिवाय कायद्याचे परिणाम खरे असतात. मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो, कारण १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज फक्त शीख आणि बौद्ध धरलेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारस ठरत नाहीत, वारसा उघडतो त्या वेळी ती स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. डोंबिवलीचा फ्लॅट आजोबांच्या नावावर असेल तर हा सल्ला किती महाग पडेल ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या चर्चच्या मोकळ्या फादरांचा मार्ग अगदी चूक नाही, पण लोक समजतात तसा तो चोरवाटेचाही नाही. कॅनन १११५ नुसार दोघांपैकी एकाचं जिथं वास्तव्य आहे, किंवा महिनाभर प्रत्यक्ष राहणं झालंय, त्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लग्न होतं. इतरत्र करायचं तर आपल्या प्रमुख धर्मगुरूंची किंवा धर्मप्रांताची परवानगी लागते. मुलगी कामासाठी खरोखर दुसरीकडे राहत असेल तर तिथं जाऊन बोला. पत्ता बनावट दाखवाल तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मूळ चर्चचा शिक्का असतो, आणि नव्या फादरांचा पहिला फोन जुन्या फादरांनाच जातो.

मुलीच्या कोर्टाच्या मार्गाचे दोन प्रकार आहेत, आणि हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. पहिला: परवानगी न घेता सरळ १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न. कायद्यानं पक्कं, चर्चच्या दृष्टीनं अवैध. मग तिचा ख्रिस्तप्रसाद थांबतो. दुसरा: धर्मांतर न करता लग्न करण्याची सूट तर मागायचीच, शिवाय चर्चच्या विधीतूनही सूट मागायची. गंभीर अडचण असेल तर कॅनन ११२७ खाली बिशप तीही देऊ शकतात. मग नोंदणी अधिकाऱ्यासमोरचं लग्न चर्चही वैध मानतं. मुलाच्या घरी चर्चमध्ये यायला कुणी तयार नसेल, अशा ठिकाणी हा उपाय चालतो. विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस ३ महिने चालते आणि ३ साक्षीदार लागतात. या कायद्यानं लग्न केलेला हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जातो आणि वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. तेव्हा घरात वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर आधी वकिलाला विचारा.

आणि समजा पहिल्याच प्रकारानं लग्न होऊन गेलं, तरी 'कायमची बाहेर' हे खरं नाही. नंतर चर्चमध्ये पुन्हा संमती देऊन लग्न वैध करता येतं. काही वेळा दोघांनी विधी न करताही बिशप ते मुळापासून वैध ठरवू शकतात, तशी तरतूद कॅनन ११६१ पासून पुढे आहे. ही भीती मनातून गेली की बाकीचं शांतपणे करता येईल.

आता काम. अर्जदार तुम्ही नाही, मुलगी आहे. पत्र तिनं लिहायचं, सही तिची. साधारण असं:

"आदरणीय फादर, दिनांक अमुक रोजी आई व मी आपणांस भेटलो. माझे लग्न बाप्तिस्मा न झालेल्या तरुणाशी ठरले आहे. त्याचा धर्मांतराचा विचार नाही. कॅनन १०८६ अन्वये मला सूट हवी आहे व कॅनन ११२५ मधील वचने देण्यास मी तयार आहे. माझा अर्ज चॅन्सरीकडे पाठवावा व लागणाऱ्या कागदपत्रांची यादी द्यावी, ही विनंती. अर्ज पाठवणे शक्य नसल्यास कारण कृपया लेखी कळवावे. लग्नपूर्व कोर्सला आम्ही दोघे उपस्थित राहू."

यापेक्षा एक ओळही जास्त नको. प्रवचन नको, वाचकांची यादी नको, आईचा समूह नको, चर्चच्या हिशेबाचा घोळ तर मुळीच नको. अशी पत्रं फसतात ती याच कारणानं: दहा वर्षांची उणीदुणी एका पानावर येतात, आणि वाचणारा सगळ्यात कच्च्या मुद्द्याला उत्तर देऊन मोकळा होतो. दोन प्रती काढा, ऑफिसात एक द्या, दुसरीवर तारखेसह 'मिळाले' अशी सही घ्या. मामा-काकांची फौज नेऊ नका, मुलगी आणि मुलगा दोघंच जाऊ देत. फादरांनी मुलाला पाहिलेलंच नसेल तर ही भेट अर्ध काम करते. पहिल्या पत्राची प्रत वर कुणाला पाठवू नका आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. फादरांना मागे फिरायला जागा ठेवा.

सोबत कागद तयार ठेवा: मुलीचा ताजा बाप्तिस्म्याचा दाखला (सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात, जुना लॅमिनेट केलेला चालत नाही), दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, दोघांचे जन्मदाखले आणि ओळखपत्रं, मुलगा अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि त्याला बऱ्याच वर्षांपासून ओळखणारे दोन साक्षीदार. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर हे आत्ताच सांगा, तो वेगळा आणि लांबचा विषय आहे.

१५ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच पत्राच्या प्रतीसह डीनना (आसपासच्या चर्चवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंना) भेटा, मग तुमच्या भागाचे साहाय्यक बिशप किंवा व्हिकर जनरल यांना. तोंडी नकारावर अपील करणं अवघड जातं, म्हणून ते 'लेखी कळवावे' वाक्य महत्त्वाचं. प्रमुख धर्मगुरूंचा लेखी नकार हातात पडला तर १५ दिवसांच्या आत थेट बिशपांकडे दाद मागता येते (कॅनन १७३७). बिशपांच्याच निर्णयाविरुद्ध जायचं असेल तर आधी १० दिवसांत त्यांच्याकडे फेरविचाराची विनंती करायची, ३० दिवस वाट पाहायची आणि मग रोम. बहुतेक प्रकरणं इतकी लांब जात नाहीत. चॅन्सरीतून एक फोन येतो आणि फाइल हलते.

अशाच तऱ्हेच्या इतर पत्रांसाठी थोडक्यात. चर्चच्या हिशेबाबद्दल: कॅनन ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त मंडळ असायलाच हवं आणि १२८७ नुसार लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. आरोप न करता तेवढंच मागा. घटस्फोटितांसाठी: चर्चच्या ट्रायब्युनलनं (धर्मन्यायालयानं) लग्न रद्दबातल ठरवलं तरी दिवाणी कायद्यात त्याला किंमत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच हे सांगितलंय. त्यामुळे कोर्टाचा घटस्फोट वेगळा घ्यावाच लागतो.

तुमच्या यजमानांशी वाद घालू नका. त्यांना कॅनन ११२५ वाचायला द्या. फादरांचा शब्द मोडायचा नाहीये, अर्ज फादरांच्याच हातून पुढे जाणार आहे. हे त्यांना पटेल. समूहाचं रजिस्टर आणि जमा रक्कम मागितली असेल तर मोजून, सही घेऊन द्या. कॉयर सोडू नका, ते कुणी मागितलेलं नाही.

आणि जानेवारीचा हॉल. अर्जापासून लग्नापर्यंत सहा महिने हाताशी असावेत, चार असतील तरी जमेल, दोनच उरले असतील तर तारीख पुढे ढकला. ख्रिसमसच्या आधीचे दोन आठवडे ऑफिसची कामं होतील असं धरू नका, आणि फार पुढे गेलात तर इस्टरआधीचा उपासकाळ लागतो, तेव्हा इस्टरनंतरची तारीखच सोयीची. हॉलवाल्याला तारीख बदलली तर किती पैसे कापणार ते आजच विचारून घ्या, आणि चॅन्सरीचं उत्तर हातात येईपर्यंत उरलेला हप्ता भरू नका. पत्रिका त्यानंतरच छापायला टाका.